घामखोलीतली अर्धी ओळ

१

लियाव बाइशान मेले ते लालबुंद गाल घेऊन मेले, आणि वाडीची बोबडी वळली ती त्या गालांमुळेच.

म्हातारा माणूस झोपेत गेला तर लोक हळहळतात, शवपेटीची फळी कुठली आणायची याची चर्चा करतात आणि कामाला लागतात. पण गेलेल्या माणसाचा रंग उतरायला हवा. बाइशान तर जिवंतपणीही कधी इतके टवटवीत दिसले नव्हते. नव्या वर्षाच्या जेवणात दोन पेले जास्त झालेल्या माणसासारखे ते खाटेवर पडले होते.

त्यांना पहिल्यांदा पाहिलं त्यांच्या सुनेनं, शाओमाननं.

एरवी सकाळची पेज सासूबाई स्वतः न्यायच्या. आज त्या चुलीपुढून उठल्या नाहीत. "तू जा," एवढंच म्हणाल्या. शाओमाननं चार महिन्यांच्या दोउदोउला त्यांच्या मांडीवर दिलं. देताना सासूबाईंचा हात तिच्या मनगटाला लागला. बर्फासारखा गार होता. मग एका हातात वाडगा आणि दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन तिनं स्वयंपाकघराच्या मागचं दार ढकललं.

मागे घामखोली होती. चिडाच्या झाडांच्या मुळांवर जमिनीखाली धरणारी फूलिंग शरदात उकरून काढली की तिचे गोळे तिथे ठेवत. वरून ओबडधोबड आणि मातकट, आतून खोबऱ्यासारखी पांढरी बुरशी. औषधवाले तिच्यावर जीव टाकतात. पण आधी तिचा घाम निघावा लागतो. खिडक्या चिखलानं लिंपायच्या, खाली गवत पसरायचं, त्यावर गोळे ओळीनं मांडायचे आणि ते आपोआप पाझरू द्यायचे. तिथे वारा नको, आणि विस्तव तर नावालाही नको. ऊब लागली की गोळा तडकतो आणि वर्षाची मेहनत मातीमोल होते. त्या खोलीत लियावांच्या तीन पिढ्यांनी कंदीलसुद्धा नेला नव्हता.

"मामंजी, पेज आणलीय."

 ओल्या, आंबूस अंधारात बॅटरीचा उजेड आधी लाल रेशमी रजईवर पडला. ती सासूबाईंच्या लग्नातली रजई. तिच्याखाली मामंजी नव्हते. तिच्याखाली यंदाचा मोठा गोळा होता, चांगला डुकराएवढा. उभ्या डोंगरात असा कुणी पाहिला नव्हता. त्याच्या राखणीसाठीच मामंजी इथे झोपत. गोळ्याला रजई, आणि स्वतःला जुना कोट.

"मामंजी?"

तिनं त्यांच्या खांद्याला हात लावला. खांदा लाकडासारखा ताठ होता, आणि गाल लाल.

वाडगा फुटला. पळण्यासाठी वळताना तिच्या हातातली बॅटरी भिंतीवरून गोळ्यांवर फिरली, आणि तेवढ्यात तिला काहीतरी दिसलं. तेव्हा तिला ते कळलं नाही. पण दिसलं, आणि घशात काटा अडकावा तसं अडकून बसलं.

२

"मांजर पकडा! आधी मांजर पकडा!" धाकटे काका अंगणात ओरडत होते.

मेलेल्यावरून मांजर गेलं की मेलेला उठतो. त्यातून हा तर निम्मा उठल्यासारखाच दिसत होता. बायाबापड्या उंबऱ्याबाहेर एकमेकींच्या बाह्या धरून उभ्या होत्या. कुणी म्हणालं, जीव अजून आत आहे. कुणी म्हणालं, एवढ्या मोठ्या फूलिंगला रात्री पाय फुटतात, तिनंच याचा श्वास प्यायला आणि बदल्यात याला रंग दिला. ज्यांना हे पटलं नव्हतं, त्याही चार पावलं मागे सरकल्या.

धाकटे काका म्हणजे बाइशानांचे भाऊ, लियाव बाइहे. अंगणापलीकडचा भाग त्यांचा, स्वयंपाकघर सामाईक. ते मांजराच्या मागे धावले तेसुद्धा वेताच्या टोपलीतली मातीची शेगडी पोटाशी धरून. आमच्या डोंगरात थंडी उतरली की प्रत्येकाच्या हातात अशी निखाऱ्याची शेगडी येते, ती वसंतातच सुटते. त्यांच्याकडे पाहुणा उतरला होता, शहरातला व्यापारी सू. मोठ्या गोळ्याचा सौदा करायला आलेला. तो धोतऱ्याच्या फुलासारखा पांढराफटक पडून पायरीवर बसला होता.

"काल रात्री माझ्याबरोबरच प्यायले हो ते," सू म्हणाला. "एकाच बाटलीतली. मला काही झालं नाही. मग नंतर त्यांच्या पोटात काय गेलं?"

"रस्सा गेला," धाकटे काका थबकले. "रस्सा कुणी नेला होता, शाओमान?"

 रस्सा तिनंच नेला होता.

"आणि त्याआधी भर अंगणात काय बोललीस? सांग ना. सू साहेबांनीही ऐकलंय."

सगळ्यांनी ऐकलं होतं. नवरा दक्षिणेत पुलाच्या कामावर होता. पोरीला घेऊन त्याच्याकडे जाते, असं ती म्हणत होती. मामंजी म्हणाले, फूलिंग आटपल्याशिवाय हलायचं नाही, आणि आटपल्यावर बघू. ते 'बघू' ऐकून तिचा तोल गेला होता. "तुम्ही मेल्याशिवाय माझी सुटका नाही," ती म्हणाली होती. असं लोक म्हणतात. म्हणतात आणि विसरतात. फक्त समोरच्यानं दुसऱ्या दिवशी मरू नये.

"पोलीस बोलावलाय," काका हळूच, जवळजवळ मायेनं म्हणाले. "तो तुला नेईल. पोरगी मात्र इथंच राहील. लियावांचं रक्त आहे ते."

शाओमाननं सासूबाईंकडे पाहिलं. दोउदोउला छातीशी घट्ट धरून त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे ओठ निळसर झाले होते. पोर त्यांच्या गार हातांखाली किरकिरत होती.

त्यांनी नजर पोरीकडे वळवली.

३

पोलीस दुपारी आला. नाव फान. सपाट प्रदेशातला, जाडसर, सायकल ढकलत घाट चढल्यामुळे धापा टाकणारा. घामखोलीच्या दारात तो जरा जास्तच वेळ रेंगाळला.

"आत मांजर नाही ना?" त्यानं विचारलं.

"नाही, साहेब."

"मी घाबरत नाही. फक्त विचारलं."

तो आत गेला आणि लगेच किंचाळला. मांजर मोठ्या गोळ्यावरच्या रजईत झोपलं होतं. ते उडी मारून त्याच्या पायांतून पसार झालं, आणि बाहेर तीन बायका एकदम रडायला लागल्या. फान साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "ते खाटेवरून गेलेलं नाही," त्यांनी जाहीर केलं. "माझ्या बुटावरून गेलं. उठायचंच असेल तर मी उठेन."

कुणी हसलं नाही. पण शाओमानला त्या क्षणी वाटलं, हा माणूस भितो आणि तरी आत जातो, म्हणजे याच्याशी बोलता येईल.

त्यांनी मृताच्या गालांवर बॅटरी धरली. नखं पाहिली. तोंडाचा वास घेतला. मग बाहेर येऊन हात धुतले.

"रश्शात काही नाही. हा रंग मी ओळखतो. वीटभट्टीवरचे राखणदार थंडीत दार लावून झोपतात, उशाशी कोळसे ठेवून. सकाळी असेच लाल सापडतात. कोळशाची वाफ दिसत नाही, तिला वास नाही. माणूस झोपेतून झोपेत जातो." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "आत शेगडी होती. ती कुठाय?"

अंगणात असा गलका उठला की जणू त्यांनी घरातल्या बाईला शिवी दिली.

"घामखोलीत शेगडी?" धाकटे काका किंचाळले. "साहेब, तुम्ही खालचे, तुम्हाला काय कळणार! फूलिंगवाला माणूस मरेल, पण तिथे विस्तव नेणार नाही!"

"मेलाय," फान म्हणाले.

काकांचं तोंड मिटलं, पण लगेच उघडलं. "मग नेला असेल ज्याला आमची रीत माहीत नाही त्यानं. घरात असं एकच माणूस आहे. डोंगरापलीकडून आणलेलं. आणि दादा गेल्यावर तिनंच शेगडी लपवली असेल."

सगळे शाओमानकडे पाहू लागले. 

४

"तुझ्या माहेरीही फूलिंगच करतात ना?"

फान साहेबांनी तिला घामखोलीत एकटीला बोलावलं होतं. प्रेतावर आता पांढरं कापड होतं. त्या कापडाकडे न पाहता तिनं मान हलवली.

"करतात. पण मामंजी मला हात लावू देत नसत."

"का?"

"मी उलटं वळवते म्हणून."

"वळव बघू. एक."

 तिनं जवळचा गोळा दोन्ही तळव्यांत घेतला आणि आपल्याकडे ओढत पाव वळसा दिला. गवतावर टेकलेली बाजू मागे, भिंतीकडे गेली. तिच्या माहेरी असंच करत. लियावांकडे गोळा पुढे लोटत, म्हणजे गवताची नक्षी उमटलेली खालची बाजू माणसाकडे येई. घाम सारखा निघावा म्हणून दर थोड्या दिवसांनी गोळे वळवायचे असत. लोटा की ओढा, घामाला काही फरक पडत नाही. फरक फक्त मामंजींना पडत असे. दोन वर्षं ते तिला त्यावरून घालूनपाडून बोलत आले होते.

फान साहेबांनी ओळींवरून बॅटरी फिरवली. पहिली ओळ: सगळ्या गोळ्यांची गवताची नक्षी त्यांच्याकडे. दुसरी ओळ: निम्म्यापर्यंत तशीच. पुढे नक्षी दिसतच नव्हती. ते गोळे वळवलेलेच नव्हते.

 सकाळी शाओमानच्या घशात अडकलेला काटा तो हाच.

"तू काहीतरी गिळतेयस," फान म्हणाले. "बोल. मलाही इथे फार वेळ उभं राहवत नाही."

बोलावं तर घरातलाच कुणी आत आला होता हे उघड होणार, आणि घरातली बदनाम तीच. न बोलावं तर दोउदोउ जाणार. तिला डोळ्यांपुढे काका दिसले, काकांच्या खांद्यावरून पाठमोरी जाणारी आपली पोर दिसली.

"सकाळी मी पाहिलं तेव्हा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ही दीड ओळ नुकती वळवलेली होती. वर आलेल्या बाजूंवर घामाचा थेंब नव्हता. आता बघा, केवढा आलाय. रात्री वळवली असती तर सकाळीच आला असता."

"आणि मामंजी तर तेव्हा ताठ झाले होते."

"हो."

"म्हणजे मेलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून कुणीतरी पहाटे गोळे वळवत होतं."

 फान साहेबांनी नकळत दाराकडे एक पाऊल टाकलं, मग स्वतःवरच रागावून दोन पावलं आत आले. खाटेच्या पायथ्याशी ते वाकले. तिथल्या गोळ्यांवर ओलं गवत रचलेलं होतं. ते बाजूला केल्यावर खालचे तीनचार गोळे खाटेकडच्या अंगाला तडकलेले निघाले.

"इथे होती शेगडी. गोळ्यांना झळ लागू नये म्हणून कुणीतरी ओलं गवतही लावलं. रीत माहीत नसलेला माणूस हे करील?" मग त्यांनी कापड पायाकडून उचललं. जुन्या कोटाची टोकं मृताच्या टाचांखाली नीट खोचलेली होती, लहान मुलाला झोपवताना खोचतात तशी. "आणि मारायला आलेला माणूस हे करील?"

शाओमान दुसऱ्या ओळीकडे पाहत होती. ओळ जिथे थांबली होती, तिथे खाटेची उशी होती. वळवणारा माणूस भिंतीकडून वळवत वळवत इथवर आला होता आणि थांबला होता.

तिला एकदम कळलं. सकाळी मनगटाला लागलेला तो गार हात तिला पुन्हा जाणवला, आणि आता तिला खरी भीती वाटली, कारण आता तिच्याकडे सांगण्यासारखं होतं.

५

फान साहेबांनी सगळ्यांना चुलीभोवती बसवलं. बाहेर ऊन डोंगराआड जात होतं. थंडी दारातून सरपटत आत येत होती.

"सू साहेब यातून बाहेर," ते म्हणाले. "त्यांना गोळा विकत घेता येतो, वळवता येत नाही. ही सूनही बाहेर. हिचा हात गोळा आपल्याकडे ओढतो, आणि ते गोळे पुढे लोटलेले आहेत."

"मुद्दाम लोटले असतील!" काका म्हणाले.

"मुद्दाम करणारा अर्ध्यावर सोडत नाही. शिवाय पहाटे वळवल्याचं मला हिनंच सांगितलं. स्वतःला अडकवणारं खोटं कोण बोलतं? राहिले तुम्ही, बाइहे."

काकांच्या मांडीवरची शेगडी कलंडता कलंडता राहिली. "मी? अहो, गोळ्याच्या वाटणीवरून आमचं भांडण होतं, कबूल आहे, पण दादाला..."

"शेगडी सांभाळा. तीच तुम्हाला वाचवतेय." फान साहेबांनी आपले तळवे तिच्यावर धरले. "मघापासून बघतोय, शेगडी कुणाच्या हातात नाही ते. या घरात येणारी जाणारी शेजारीणसुद्धा पोटाशी शेगडी धरून येते. सू साहेबांनी पाहुणा म्हणून एक मागून घेतली. सुनेची तिकडे पाळण्याखाली आहे."

ते थांबले. पुढचं बोलायला त्यांनाही जड जात असावं. ते शाओमानकडे पाहू लागले. सगळ्यांनाच ठाऊक होतं, चाळीस वर्षं जिच्या ओच्यात उन्हाळा सोडून कायम शेगडी असे, ती बाई आज सकाळपासून शेगडीवाचून कुडकुडत होती. एक शब्द पुरे होता. तो शब्द शाओमानच्या जिभेवर होता, आणि त्या शब्दाच्या बदल्यात तिची पोर होती.

तिनं सासूबाईंकडे पाहिलं. "आई," ती एवढंच म्हणाली.

ह्वेइलान सासूबाईंनी दोउदोउला उचलून शाओमानच्या हातांत दिलं. मग त्या म्हणाल्या, "डुकरांच्या गोठ्यामागे. राखेत पुरलीय."

"वहिनी!" काका ओरडले.

"ओरडू नका भाऊजी, पोर दचकते." त्यांचा आवाज इतका बारीक होता की सगळे पुढे झुकले. "चांगली रजई त्यांनी त्या मेल्या गोळ्याला दिली. मी म्हटलं, तुम्ही काय पांघरणार? म्हणाले, मला विकणार आहे का कुणी? रात्री मी उठून गेले. झोपेत दात वाजत होते त्यांचे. जागे असते तर शेगडी बघून मला घराबाहेर काढलं असतं. मी पायाशी ठेवली, गोळ्यांना गवत लावलं, कोट खोचला आणि आले. पहाटे ते उठायच्या आत काढून आणायची, एवढंच."

"आणि पहाटे?" फान साहेबांनी हळूच विचारलं.

"पहाटे गेले. आधी शेगडी उचलून बाहेर ठेवली. मग बॅटरी धरली तर गाल लाल." त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं आणि विझलं. ते बघवेना. "मला वाटलं, लागली बाई एकदाची ऊब. किती वर्षांनी असे झोपलेत. म्हटलं, झोपू दे. आज वळवायचा दिवस, तेवढं मीच उरकते. आवाज न करता एक ओळ केली. दुसरी करता करता उशीपाशी आले. हात पांघरुणाबाहेर होता, म्हणून आत घ्यायला गेले."

चुलीत एक लाकूड फुटलं. सू दचकला.

"तुम्ही मला पाठवलंत," शाओमान म्हणाली. "पेज घेऊन."

"मला खरं वाटेना गं. वाटलं, तू गेलीस तर उठतील. तुझ्यावर ओरडायला तरी उठतील."

"आणि दिवसभर गप्प बसलात. माझी पोर चालली होती, आई! काका माझी पोर काढून घेत होते, आणि तुम्ही तिला हातात धरून बघत उभ्या होता!"

सासूबाईंनी मान खाली घातली. "बोलायला तोंड उघडलं की वाटायचं, त्यांना कळेल."

"कुणाला?"

"त्यांना. की मी घामखोलीत विस्तव नेला."

 मेलेल्या माणसाच्या बोलण्याला घाबरून त्या बाईनं अख्खा दिवस काढला होता, आणि हे ऐकून मघाशी मांजराला भ्यालेल्या बायकांपैकी एकीलाही ते विचित्र वाटलं नाही. त्यांतली एक पुढे आली आणि तिनं आपली शेगडी सासूबाईंच्या मांडीवर ठेवली.

फान साहेबांनी टोपी घातली. "झोपेत, कोळशाच्या वाफेनं. अपघात," ते म्हणाले, आणि मग काकांकडे वळले, "आणि पोरगी आईची. हे मी पुन्हा घाट चढून सांगायला येणार नाही, तेव्हा आत्ताच ऐकून ठेवा."

काकांनी ऐकलं. ऐकताना त्यांची नजर जमिनीवर होती.

माणसं पांगली. पेटीच्या फळ्यांची बोलणी सुरू झाली. शाओमाननं दोउदोउला पाजलं, पाठीशी बांधलं आणि गाठोडं काढलं. पण गाठोडं बांधता बांधता तिचे हात थांबले. राग होताच. तो इतक्यात जाणार नव्हता, आणि तिलाही तो घालवायचा नव्हता. पण फूलिंग कुणाच्या रागासाठी थांबत नाही. वळवायचा दिवस टळला तर गोळे एका अंगानं सडतात.

ती बॅटरी घेऊन घामखोलीत गेली. सासूबाई तिच्या आधीच तिथे होत्या, उशीपाशी, अर्ध्या ओळीपुढे. दोन्ही हात एका गोळ्यावर ठेवून तशाच उभ्या. हात पुढे जात नव्हते.

"सरका," शाओमान म्हणाली.

त्या सरकल्या. तिनं पहिला गोळा घेतला. तिला लियावांची रीत येत होती. दोन वर्षांत ऐकून ऐकून पाठ झाली होती. तिनं पांढऱ्या कापडाकडे एकदा पाहिलं आणि गोळा आपल्याकडे ओढला.

सवयीनं सासूबाईंचा हात तिला अडवायला उठला. तो अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी बॅटरी तिच्या हातून घेतली आणि पुढच्या गोळ्यावर उजेड धरला.